दावणीला मोटार बांधण्यापूर्वी

वाचकहो, बैल घ्यायचा म्हटला की आपण काय काय करतो ते जरा आठवून पाहा. सांगोल्याच्या नाहीतर खरसुंडीच्या बाजाराला दोन खेपा घालतो. जबडा उघडून दात मोजतो. खूर उचलून बघतो. पाठीवरून, वशिंडावरून हात फिरवतो. चार पावले चालवतो, पुन्हा माघारी आणतो. बरोबर दोन जाणती माणसे नेलेली असतात, त्यांच्या डोळ्यांकडे पाहतो. एवढे सगळे झाल्यावर मग कुठे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो.

आणि मोटार घ्यायची म्हटली की? काचेच्या शोरूममध्ये शिरतो, थंडगार हवा लागते, कोणीतरी चहा आणून देते, पोरगा रंगाकडे बघून म्हणतो, "हीच घेऊ." अर्ध्या तासात सही करून आपण मोकळे! बैलजोडीच्या कितीतरी पट पैसा, आणि पारख मात्र बैलाच्या शेपटीएवढीही नाही. म्हणून आज दारात लहान मोटार आणण्याविषयी चार गोष्टी तुमच्याशी बोलाव्यात असे मनात आले.

हे शहाणपण मी पुस्तकात वाचलेले नाही. आमच्याच घरात पैसे मोजून विकत घेतले आहे. काही वर्षांपूर्वी उसाचे बिल चांगले आले आणि आमच्या थोरल्या बंधूंनी एक जुनी, पांढरीशुभ्र, उंच डिझेल मोटार घेतली. गाडीचे नाव सांगत नाही, कारण गाडीचा दोष कमी आणि आमचाच अधिक होता. गावात ती वळली की पारावरची माणसे उठून बघत. पण लिटरला दहा-अकरा किलोमीटरच्या वर ती कधी गेली नाही. आठ महिन्यांत इंजिनाचा पंप गेला. सुटा भाग पुण्याहून आला आणि त्याचे बिल बघून दादा दोन दिवस जेवायला उशिरा बसले. पुढे ती ताडपत्रीखाली उभी राहिली, तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जातच राहिला.

त्याच हिवाळ्यात एका रात्री आईचा दमा उसळला. आमच्या गावापासून तालुक्याचा दवाखाना १७ किलोमीटर. मोटार सुरू होईना. शेवटी शेजारच्या टेम्पोत मागे घोंगड्या अंथरून, थंडीच्या वाऱ्यात आईला नेले. देवाची कृपा, आई वाचली. पहाटे दवाखान्याच्या पायरीवर वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भावजी, गाडी दाराची शोभा झाली. कामाची नाही झाली."

त्या एका वाक्याने आमच्या घरात मोटारीचा विचार नव्याने सुरू झाला.

काम आधी, गाडी मागून

पहिली गोष्ट ही, की आठ दिवस एक वही घेऊन बसा. घरातले कोण, कुठे, किती वेळा जाते ते लिहा. आमच्या वहीत निघाले ते असे: पुतणीला कॉलेजच्या एस.टी.पर्यंत सोडणे रोज ५ किलोमीटर, तालुक्याला आठवड्यातून तीन खेपा, आईला महिन्यातून दोनदा डॉक्टर, बियाणे-औषधांची एखादी पिशवी, आणि सणासुदीला माहेर-सासर. पाच माणसे एकत्र बसण्याचा प्रसंग महिन्यातून दोन वेळा. बाकी दिवस गाडीत एक किंवा दोनच माणसे!

मग सात माणसांची गाडी रोज कशासाठी ओढायची? वर्षातून एकदा पंढरपूरला किंवा जेजुरीला सगळ्यांनी जायचे असेल तर त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने आणता येते. रोजच्या शंभर कामांसाठी घ्यायची वस्तू त्या एका दिवसाच्या मापाने घेऊ नये.

आणखी एक सांगतो. लहान मोटार म्हणजे मालमोटार नव्हे. अशा गाडीने उचलायचे वजन माणसे धरून साधारण ३५० ते ४०० किलोच्या आसपास असते. सरासरी ६५ किलोची पाच माणसे बसली की ३२५ किलो झाले. त्यावर कांद्याच्या ५० किलोच्या दोन गोण्या डिकीत टाकल्या की मागचे स्प्रिंग बसतात, पुढची चाके हलकी होतात आणि ब्रेक लागायला वेळ लागतो. गोण्यांना टेम्पो, माणसांना मोटार, एवढा नियम घरात घालून घ्यावा.

लहान म्हणजे किती लहान?

आपल्याकडे लहान मोटारीचे माप सरकारी कराने ठरले आहे. लांबी ४ मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत, डिझेल असेल तर १५०० सी.सी.पर्यंत. या मापात बसणाऱ्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. म्हणजे लहान गाडी घेणाऱ्याच्या खिशाला थोडा तरी आधार मिळाला.

या लहान गाडीचा आपल्या देशातला इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एके काळी मोटार म्हटली की उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर नाहीतर आपल्या मुंबईत कुर्ल्याला होणारी प्रीमियर पद्मिनी. दोन्ही दणकट पण अंगाने जड. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, आणि चित्र पालटले. इंजिन अवघे ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. लोक हसले, "ही काडेपेटी घाट चढेल का?" चढली! कारण तिचे अंगच हलके होते, साधारण ६५० किलो. कमी वजन असले की लहान इंजिनही पुरते, टायर कमी झिजतात, ब्रेक लवकर लागतात, तेल कमी लागते. पुढे तीस वर्षे ती निघत राहिली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीच गोष्ट त्याच वर्षी अॅम्बॅसॅडरचीही झाली. पण मारुतीने शिकवलेला धडा आजही खरा आहे: हलका बैल अंगावर भार नसेल तर दिवसभर चालतो.

विश्वासू गाडी कशी ओळखावी?

विश्वासू म्हणजे कधीच न बिघडणारी, असे कोणी समजू नये. यंत्र आहे, बिघडणारच. विश्वासू ती, जी क्वचित बिघडते, बिघडली तर जवळच दुरुस्त होते, आणि दुरुस्तीचे बिल बघून माणसाला घाम फुटत नाही.

म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या गॅरेजवर जाऊन मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा. तुझ्याकडे सगळ्यांत जास्त कोणत्या गाड्या येतात? त्यांचे सुटे भाग इथल्या दुकानात मिळतात का, की पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात? आणि क्लच बदलायचा झाला तर किती खर्च? या तीन उत्तरांत निम्मी पारख होते. ज्या गाडीचा क्लच तालुक्यात मिळतो आणि संध्याकाळपर्यंत बसतो, ती आपली. जिच्यासाठी आठ दिवस थांबावे लागते ती कितीही देखणी असो, पाहुण्यांची.

यंत्र जितके साधे तितके बरे. साधे पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर, ही जोडी गावाकडच्या वापराला अजूनही उत्तम. आता लहान गाड्यांतही आपोआप गिअर बदलणारी सोय येते. तिला ए.एम.टी. म्हणतात. आतला गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. डाव्या पायाला दुखणे असणाऱ्याला किंवा नव्याने शिकणाऱ्याला ती सोयीची आहे. मात्र चढावर गिअर बदलताना ती क्षणभर अडखळते, आणि बिघडली तर साधा मिस्त्री हात लावायला कचरतो. घेण्यापूर्वी आपल्याच चढावर चालवून पाहावी.

वाटेचाही विचार हवा. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा लहान गाड्यांत साधारण १६० ते १८० मिलिमीटर असते. चारी माणसे बसवून, आपल्या वस्तीच्या रस्त्यावरून, चाकोरीतल्या मधल्या उंचवट्यावरून गाडी नेऊन बघा. शोरूमवाले डांबरी रस्त्यावर फेरी देतात. तुम्ही म्हणा, "आमच्या पांदीपर्यंत चला." जो येत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

चालवण्याची मौजही हवी

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला मौज कसली? अहो, खिलार बैलांची जोडी गाडीला जुंपून सकाळच्या उन्हात निघालेला माणूस मनातल्या मनात गाणे म्हणतोच ना? रोज ज्या वस्तूत बसायचे ती हाताला गोड लागली पाहिजे. जिचा कंटाळा येतो तिची निगाही राखली जात नाही.

मौज वेगात नसते, हे लक्षात घ्या. ती असते स्टिअरिंग हलवताच चाक वळण्यात, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडण्यात, आणि पायाखाली दाबले की गाडी लगेच उचलली जाण्यात. हलकी गाडी चाळीसच्या वेगालाही जिवंत वाटते. जड गाडी ऐंशीला गेली तरी झोपलेलीच.

आज बाजारात दिसणाऱ्या काही गाड्यांच्या चाली सांगतो. ऑल्टो के-१० सगळ्यांत हलक्यांपैकी, ९९८ सी.सी.चे इंजिन, गल्लीबोळातून आणि बाजारातून सहज निघते, पण मागे ऐसपैस बसण्याची अपेक्षा ठेवू नये. वॅगन आर उंच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना न वाकता बसता-उतरता येते, डिकीही चांगली. वळणावर मात्र उंच गाडी थोडी कलते. स्विफ्ट आपल्याकडे २००५ साली आली तेव्हापासून चालवण्याच्या आवडीसाठी लोक तिला घेतात. घाटातल्या वळणावर ती रस्ता धरून बसते, पण बसायला खाली आहे. टियागो अंगाने जड आणि भरीव, मोठ्या रस्त्यावर स्थिर. क्विड पोटाखाली उंच, खराब वाटेला सोयीची. ग्रँड आय-१० निऑसचे इंजिन चार सिलिंडरचे, म्हणून थरथर कमी.

यातली कोणती घ्यावी हे मी सांगणार नाही. ज्याच्या घरात दम्याची म्हातारी आहे त्याची निवड वेगळी, आणि ज्याची वाट ओढ्यातून जाते त्याची वेगळी. मात्र जिला रोज चालवायची आहे त्या माणसाने चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. आमच्याकडे पहिल्या वेळी वहिनींना कोणी विचारलेच नव्हते. दुसऱ्या वेळी चालकाच्या जागेवर आधी त्या बसल्या. पाय क्लचपर्यंत पुरतात का, बॉनेटचे टोक दिसते का, मागचा आरसा नीट दिसतो का, हे त्यांनी पाहिले. दोन गाड्या तिथेच बाद झाल्या!

पेट्रोल, गॅस की वीज?

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बी.एस.-६ हे कडक नियम लागू झाले, आणि लहान गाड्यांतून डिझेल जवळजवळ नाहीसे झाले. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब आणि तापून पळावी लागते. शाळा, डेअरी, घर अशा चार-पाच किलोमीटरच्या खेपांत ती जाळी तुंबते. तेव्हा गावातल्या छोट्या खेपांना पेट्रोलच बरे.

सी.एन.जी. गॅस स्वस्त पडतो, पण पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का ते आधी बघा. गॅससाठी वीस किलोमीटर वाकडे जावे लागले आणि रांगेत तासभर गेला तर बचत कसली? टाकीने डिकीची बरीच जागा जाते, चढाला जोर थोडा कमी पडतो, आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते. ती टाळू नये.

विजेवरची लहान गाडीही आता मिळते. चालवायला फार सुखाची, आवाज नाही, गिअर नाही, खर्च थोडा. पण घरच्या मीटरवर भरवशाची वीज आणि भक्कम अर्थिंग पाहिजे. शेतीपंपाच्या जोडणीवरून ती चार्ज करण्याचा मोह धरू नका. ती जोडणी पंपासाठी दिलेली असते.

पेट्रोलविषयी एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले पुष्कळ आपल्याच उसातून आणि धान्यातून निघते. एका अर्थाने आपल्या फडातला ऊस आपल्याच गाडीत जळतो! मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच उष्णता असते, म्हणून अॅव्हरेज थोडे घटते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या या मिश्रणाला धरून बनवलेल्या आहेत. त्याहून जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि इंधनाचा फिल्टर मिस्त्रीकडून वेळोवेळी पाहून घ्यावा.

पैशाचे गणित

शोरूमचा भाव हा अर्धवट भाव असतो. त्यावर नोंदणी, विमा आणि रस्ता कर येतो. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे. तेव्हा विचारायचे ते एवढेच, "गाडी माझ्या दारात नंबरासह उभी राहीपर्यंत एकूण किती?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

कर्जाचे पाहू. पाच लाख रुपये, व्याज साडेनऊ टक्के. पाच वर्षांत फेडले तर हप्ता साधारण १०,५०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ३० हजार. सात वर्षांत फेडले तर हप्ता साधारण ८,१७० रुपये, पण व्याज सुमारे १ लाख ८६ हजार! हप्ता हलका करताना ५६ हजार रुपये हातचे गेले. शिवाय सातव्या वर्षी गाडी जुनी झालेली, खर्च मागू लागलेली, आणि हप्ता तसाच.

आपली अडचण आणखी वेगळी. बँक दर महिन्याला मागते, आणि शेत वर्षातून एक-दोनदा देते. हप्ता उसाच्या बिलाच्या भरवशावर धरू नका. महिन्याला हमखास येणारे जे उत्पन्न आहे, दुधाचे असो वा घरातल्या नोकरीचे, त्यातून घरखर्च वजा जाता जे उरते त्यात हप्ता आणि पेट्रोल दोन्ही बसले पाहिजेत. काही बँका शेतकऱ्याला सहामाही हप्त्याची सोय देतात, ती विचारून घ्यावी.

आता पेट्रोल. रोज ४० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर. लिटरला १०५ रुपये धरू. तुमच्या पंपाचा दर वेगळा असेल तर तो घाला. गाडी १८ चे अॅव्हरेज देत असेल तर वर्षाला ७० हजार रुपये. १२ चे देत असेल तर १ लाख ५ हजार. फरक ३५ हजारांचा, दर वर्षी! एवढ्यात मुलीच्या शिक्षणाला किती हातभार लागला असता, हा हिशेब आमच्या दादांनी उशिरा केला. तुम्ही आधी करा.

जुनी गाडी: दात मोजून घ्यावेत

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. नव्या गाडीचा भाव पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त उतरतो, तो तोटा दुसऱ्याने सोसलेला असतो. पण इथे बैलबाजाराची सगळी अक्कल वापरावी.

गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर समजा, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. सुरू केल्यावर धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर रेडिएटरचे पाणी आत झिरपत असेल. ऑइलचे झाकण उघडा. आत ताकासारखा पांढरट थर दिसला तर हात जोडून परत या.

क्लच पाहण्याची युक्ती सोपी आहे. सपाट जागेवर हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच चांगला. बंद न पडता घरघरत राहिले तर क्लच संपत आला. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा. गाडी एका अंगाला ओढत असेल तर टायरची हवा, चाकांची रेषा किंवा जुना अपघात, काहीतरी आहे. लोहचुंबक फिरवून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी आहे. मीटरवर ३० हजार आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झिजलेले असेल तर मीटर खोटे बोलतो. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावरून टायरचे वय कळते. नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी राहिली तर तो टायर कायद्यानेही बाद.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या पुसून-पासून बाजारात येऊ शकतात. पायाखालचे कापड उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. गाळाची रेघ, गंजलेले खिळे, कुबट वास आला तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. पाण्यात बसलेल्या गाडीची वायरिंग वर्षानुवर्षे छळते.

कागदपत्रांत कुचराई नको. आर.सी. बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून लगेच आर.टी.ओ.त द्या. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. गाडी विकली पण नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदलेला मालकच जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. "पाव्हण्याला दिली, करील तो सावकाश," असे म्हणू नये.

जीव आधी

लहान गाडी म्हणजे कच्ची गाडी, असे असण्याचे कारण नाही. पण पत्रा-पत्र्यात फरक असतो. गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळवून त्यांना तारे देण्याची पद्धत आहे. आपल्या देशाची 'भारत एनकॅप' ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याआधीच्या 'ग्लोबल एनकॅप'च्या चाचण्यांत टियागोला २०२० साली चार तारे मिळाले, तर २०२३ साली ऑल्टो के-१० ला दोन आणि वॅगन आरला एक. पुढे गाड्यांत सुधारणा होत असतात. म्हणून घेतेवेळी त्या गाडीचे, त्या सालचे तारे विचारा. एअरबॅग किती, हेही विचारा. रंगीत दिवे आणि मोठा पडदा नसला तरी चालेल, एअरबॅग आणि ए.बी.एस. ब्रेक असलेच पाहिजेत. जुनी गाडी घेताना तर हे आवर्जून पाहा, कारण ए.बी.एस. २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचे झाले.

आणि पट्टा! पुढे बसणारा पोलिसाच्या भीतीने लावतो, मागे बसणारा लावतच नाही. मागच्यांनाही कायद्याने पट्टा सक्तीचा आहे. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. धडक बसली तर आईच्या हातांत कितीही माया असली तरी तेवढे बळ नसते.

गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जातात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. लहान मोटारवाल्याने रात्री वेग पन्नासच्या आत ठेवावा, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर थांबावे. आणि ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. खर्च किरकोळ आहे, त्यामुळे कोणाच्या घरचा माणूस घरी पोचतो.

ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. नळीवाटे पाणी इंजिनात शिरले की ते आतून मोडते. असले नुकसान साध्या विम्यात बहुधा भरून मिळत नाही.

थोडी निगा

लहान गाडी थोडी निगा मागते. महिन्यातून दोनदा टायरची हवा, आठवड्यातून एकदा ऑइल आणि पाणी. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी करू नका. उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात. आमच्याकडे एकदा असेच झाले, तेव्हापासून गाडी गोठ्याच्या दुसऱ्या अंगाला, मोकळ्यावर उभी असते.

होय, गाडी आली. मोठी मोटार जेवढे मिळाले तेवढ्यात विकली, उरलेले कर्ज फेडले, वर्षभर थांबलो. मग चार वर्षे जुनी, एका हातची, लहान पेट्रोल गाडी घेतली. दोन मिस्त्री बरोबर नेले होते. रुमाल तेवढा नव्हता! वहिनींनी शिकाऊ परवाना काढला, तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा दिली आणि पहिल्याच वेळी पास झाल्या. दादा मात्र दुसऱ्या वेळी झाले, हे इथे छापले तर मला घरात जेवायला मिळणार नाही.

गेल्या थंडीत आईला पुन्हा रात्री त्रास झाला. वहिनींनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. काचा बंद, आत ऊब, मागे पट्टा लावून आई आणि तिला धरून पुतणी. १७ किलोमीटर कधी संपले कळले नाही. परतताना उजाडले होते. घाटाच्या वळणावर वहिनींनी गिअर खाली घेतला, गाडी झपकन वर निघाली, आणि मागून आई म्हणाली, "सूनबाई, बैलासारखी गुणाची हाय गं."

वाचकहो, तुमच्या दारात जी गाडी येईल तिच्याविषयी घरातल्या म्हातारीने एवढे म्हटले, तर समजा तुमची पारख बरोबर ठरली. तेवढ्यासाठी दोन खेपा जास्त घाला, दोन प्रश्न जास्त विचारा, आणि सही करण्यापूर्वी एक रात्र झोप काढा. गाडी कुठे पळून जात नाही.